न उगारलेला हात

भात पिवळं पडू लागलं की पोलादपूरच्या बाजारात विळे येतात. एरवी ज्या दुकानात बादल्या, दोर आणि ताडपत्र्या असतात, त्याच्या पायरीवर गोणपाट अंथरून विळे मांडतात. नवे, काळे, धारेच्या कडेला तेवढी पांढरी रेघ. शाळेतून घरी येताना मला त्या दुकानावरून यावं लागतं. दुसरा रस्ता आहे, पण तो लांबचा आहे, आणि मास्तर तीन वर्षं लांबच्या रस्त्यानं जातात हे कुणाच्या लक्षात यावं असं मला वाटत नाही. म्हणून तिथूनच येतो, चालीत फरक न करता.

या दिवसांना आमच्याकडे धड नाव नाही. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते. सकाळी सावित्री नदीवर धुकं, दुपारी पाठ सोलून काढणारं ऊन, आणि संध्याकाळी कापलेल्या भाताचा ओलसर, गोडसर वास. महाडला उतरलं की त्या वासात औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा वास मिसळतो आणि मग दोन्ही वेगळे करता येत नाहीत. दसरा झाला की पुढच्या रविवारी महाडच्या आमच्या कराटे क्लबात पट्ट्यांची परीक्षा असते. पावसाळाभर पुराच्या धास्तीनं हॉलमधल्या मॅट माळ्यावर चढवलेल्या असतात आणि मुलं उघड्या फरशीवर शिकतात. दसऱ्याला मॅट खाली येतात, उन्हात वाळतात. त्यांना कुबट वास येत असतानाच परीक्षा होते. माझ्या लेखी हा ऋतू त्या कुबट मॅटचा आहे.

मी पन्नाशीला आलेला मराठीचा मास्तर. माझ्या हातात पुस्तकाशिवाय काही शोभत नाही असं सुनंदा, माझी बायको, लग्नापासून म्हणत आली आहे. कराटे शिकायचं होतं ते आमच्या केतकीला. ती आठवीत होती. पुढं कॉलेजला एकटीनं एसटीनं महाडला जावं लागेल, तेव्हा पोरीला स्वतःला सांभाळता यावं, असं सुनंदाच्या मनात होतं. मी सोबतीला जायचो आणि हॉलच्या पायरीवर वाचत बसायचो. परतीच्या एसटीला दोन तास असायचे.

शिकवणारे सर वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होते. क्लबची वेळ त्यांच्या पाळीवर ठरायची. पहिली पाळी असली की वर्ग संध्याकाळी, दुसरी असली की सकाळी. सगळ्या पालकांना सरांची पाळी स्वतःच्या पाळीसारखी पाठ होती. एकदा सर युनिफॉर्ममध्येच थेट कामावरून आले, पायरीवर माझ्याजवळ बूट काढता काढता म्हणाले, "गुरुजी, किती पानं झाली?"

"शंभरेक."

"आणि पाठ किती गेली? असं बसून बसून कुबड येईल. पुस्तक पायरीवर राहू द्या नि आत या."

मी आत गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येणार नाही. आत केतकी होती, एवढंच.

कराटेच्या वर्गात रांग वयानं लागत नाही, पट्ट्यानं लागते. पांढऱ्या पट्ट्याचा मी सगळ्यात शेवटी उभा राहायचो, माझ्या पुढं नऊ वर्षांचा एक मुलगा, ज्याच्या नाकातून कायम पाणी वाहायचं. केतकी तेव्हा पिवळ्या पट्ट्याची, रांगेत वर. वर्ग संपला की धाकट्या पट्ट्यांनी एकेका थोरल्या पट्ट्यासमोर जाऊन वाकायचं. पहिल्या दिवशी मी केतकीपाशी येऊन थांबलो. सरांकडे पाहिलं.

"बेल्टाला वय नसतं, गुरुजी," सर म्हणाले.

मी लेकीपुढं वाकलो. तीही वाकली, माझ्यापेक्षा जास्त, आणि तिचे खांदे हसण्यानं हलत होते. परतीच्या एसटीत म्हणाली, "पप्पा, तुमची मान नुसती पुढं येते. कमरेतून वाकायचं असतं. उद्या नीट करा हं."

चार वर्षं मी तिच्यापुढं वाकलो. पुढं पुढं नीट वाकलो. माणसं मुलांना वाढवतात म्हणजे बहुतेक वरून खाली बघतात. मला ती चार वर्षं खालून वर बघायला मिळालं. तिथून दिसलेली केतकी वेगळी होती. घरात चहाचा कप जागेवर न ठेवणारी मुलगी मॅटवर पाय ठेवण्याआधी चपला सरळ रेषेत लावायची. घरात हाक मारली तर तिसऱ्यांदा ओ देणारी, तिथं "हाजिमे" म्हणताच, म्हणजे सुरू म्हणताच, डोळ्यांत दुसरीच कुणी यायची.

घरामागं आमचं जुनं खळं आहे. आता तिथं कुणी भात झोडत नाही. आम्ही दोघं तिथं सराव करायचो. कराटेत ठोसा पोचला पाहिजे, पण इजा होता कामा नये. कपड्याला लागून, अंगावर जेमतेम आवाज करून थांबला पाहिजे. तो थांबवायला जास्त शिकावं लागतं. सुरुवातीला माझा हात एकतर हवेत राहायचा नाहीतर जास्त बसायचा. एकदा तिच्या बरगडीला लागलं, ती खाली बसली. मी घाबरून पाणी आणायला धावलो. पाणी घेऊन आलो तर ती उभी होती, हात वर, गार्ड घेतलेला. म्हणाली, "पाणी नंतर. आता माझी पाळी."

सुनंदा मागच्या दारातून बघायची. "एवढं वरण ढवळलं असतंत तर कामाला आलं असतं," म्हणायची. पण बघत उभी राहायची.

बारावीच्या वर्षी केतकी निळ्या पट्ट्याची होती, पुढं तपकिरी. त्या परीक्षेत दोन मिनिटांची खरी लढत असते. तिच्या बरोबरीची एक मुलगी शिकायला पुण्याला गेलेली. उरलेले मुलगे. सरांनी दोघातिघांची नावं घेतली. तिनं सगळ्यांना नाही म्हटलं.

"ते मला सांभाळून मारतात सर. मुलगी आहे म्हणून. समोर हात येतो आणि मध्येच मऊ होतो. मला कळतं ते."

"मग कोण?"

"पप्पा उभे राहतील."

माझा पट्टा तेव्हा हिरवा, तिच्या खालचा. सर माझ्याकडे बघून हसले. "गुरुजी मारतील?"

"ते मारतात," केतकी म्हणाली. एवढ्या अभिमानानं माझ्याबद्दल कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. शाळेतल्या सत्कारांत ज्या गोष्टी बोलतात त्या धरूनही.

परीक्षेच्या सकाळी हॉलमध्ये उमरठकडून दत्ताराम आला. सुनंदाचा थोरला भाऊ, केतकीचा मामा. तो विळ्यांना धार लावून घ्यायला महाडला आला होता, आणि भाचीचं काय ते बघावं म्हणून फडक्यात गुंडाळलेले विळे मांडीवर घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मनानं मोठा माणूस. आम्हाला वर्षाचे तांदूळ त्याच्याकडून येतात.

"काय गो भाची, इटा फोडशील ना? माज्या गोठ्याची भिंत पाडायचीच हाय. मजुरी वाचंल."

"मामा, विटा नाही. लढत आहे. पप्पांशी."

त्याला ते गमतीचं वाटलं. मग ते गमतीचं नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. केतकी कपडे बदलायला गेली तेव्हा तो माझ्याजवळ सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "भावोजी, पोरगी तुम्हाला मारंल तर मारू दे, हसून घेऊ. पण तुमी तिला मारू नका. वयात आलेल्या पोरीवर बापानं हात उगारायचा नाय. आमच्या बापानं सुनंदीवर कधी उगारला नाय. चार लोक बघतात."

मी मान हलवली. ही रीत मला परकी नव्हती. माझ्याही वडिलांनी माझ्या बहिणींवर त्या मोठ्या झाल्यावर हात टाकला नव्हता, आणि त्यांच्या रागीट स्वभावात तेवढी एक गोष्ट आम्ही सगळे चांगली म्हणून सांगायचो. ही रीत चांगलीच आहे. म्हणून तर तिच्यातून सुटता येत नाही.

खरं सांगायचं तर मान हलवताना मी काही ठरवलं नव्हतं. मी मॅटवर गेलो. केतकी समोर आली. वाकलो. "हाजिमे." तिचा पहिला ठोसा माझ्या छातीवर कपड्याला लागून थांबला, नेमका, सुरेख. आता माझी पाळी होती. तिची डावी बाजू उघडी होती. ती नेहमीच तिथं उघडी पडायची, खळ्यात मी शंभरदा तिथं मारलं होतं. माझा हात निघाला. आणि तिच्या खांद्यामागं मला दत्ताराम दिसला, मांडीवर विळे, तोंड किंचित उघडं. हात मध्येच मऊ झाला.

पुढची दोन मिनिटं मी फक्त मार खाल्ला. ती पॉइंट घेत राहिली आणि प्रत्येक पॉइंटला तिचा चेहरा उतरत गेला. मध्ये एकदा अगदी जवळ आली असताना, ओठ न हलवता म्हणाली, "मारा."

मी हसलो.

मी पुष्कळ वाचलेलं आहे. दुसऱ्यांच्या दुःखाबद्दल, पश्चात्तापाबद्दल वाचत आयुष्य गेलं. पण एखाद्या माणसाला एका हसण्याची एवढी लाज वाटू शकते हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

ती पास झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्तारामनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "भावोजी, शोभलात." परीक्षकांनी तिला तपकिरी पट्टा दिला, तो तिनं पारदर्शक पिशवीतून काढला नाही. वर्ग संपताना मी तिच्यापुढं वाकलो. तीही वाकली. नियमाइतकी.

एसटीत ती पुढच्या बाकावर बसली, माझ्याशेजारची जागा मोकळी होती. घरी आल्यावर मी म्हणालो, "अगं, मामा बघत होता. बरं दिसलं नसतं."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासमोर उभे होतात, पण मामाच्या बाजूनं."

मला वाटलं, रागावली आहे, दोन दिवसांत निवळेल. मास्तरांना अशी सवय असते, सगळ्याला पुढचा तास असतोच असं धरून चालायची.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी मामाकडे जाते. कापणीला माणसं कमी आहेत म्हणत होता." कापणीला ती कधी जायची नाही. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, जाऊ दे. पाच दिवस ती मामाच्या शेतावर होती. मामी फोनवर हसून सांगायची, पोरगी जिद्दीनं कापते, बायांच्या पुढं जाते. खाचरात अजून चिखल होता. ती अनवाणी होती, सगळेच असतात. धसकट पायात गेलं, तिनं पाय त्याच पाण्यात धुतला आणि पुढं कापत राहिली. ती घरी आली तेव्हा पायाला चिंधी होती. हसली, "मामाची पुरी एक बाजू मी कापली." मला नाही, सुनंदाला म्हणाली.

आठवड्यानं ताप आला. साधा ताप म्हणून गोळ्या घेतल्या, त्या दिवसांत घरोघरी ताप असतो. कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी तिच्या डोळ्यांत बघितलं तर पांढऱ्याच्या जागी पिवळं होतं. लेप्टो, शेतातल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणारा, असं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. गाडी महामार्गावरून जात होती. दोन्हीकडे भात उभं होतं, तेही पिवळं.

दवाखान्यात ती चार दिवस होती. बोलायची, थोडं. पाणी. पंखा कमी करा. आई जेवली का. मी बाकावर बसून मनात एक वाक्य तयार करत होतो. वाक्य सोपं होतं: बरी झालीस की खळ्यात उभे राहू, दोन मिनिटं, खरी. ते बोललो असतो तर झालं असतं. पण तिला थकवा येईल, असं वाटलं. बरी झाल्यावर सांगू, असं वाटलं. पुन्हा मी तिला सांभाळून घेतलं. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. दवाखान्याच्या दारात कुणीतरी आकाशकंदील बांधत होतं, दोरी पुरत नव्हती म्हणून दुसरी शोधत होतं.

दत्ताराम तेव्हापासून आमच्याकडे फारसा येत नाही. तांदूळ पाठवतो, दुसऱ्याच्या हाती. एकदा बाजारात समोर आला, विळ्यांच्याच त्या दुकानापाशी. एक विळा उचलला, धार न बघताच खाली ठेवला. मग म्हणाला, "भावोजी, त्या टायमाला मी बोललो नसतो तर…" मी म्हणालो, तुझं काही चुकलं नाही. हे खरं आहे. बोलला तो, हात माझा होता.

पट्टा अजून पिशवीत आहे. क्लबातल्या एखाद्या मुलीला द्या, तिचं नाव राहील, असं दोघातिघांनी सुचवलं. तो केतकीनं स्वीकारलेलाच नाही. तो मी कुठल्या अधिकारात देऊ?

यंदा दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सरांचा फोन आला. तीन वर्षांत त्यांनी मला क्लबात बोलावलं नव्हतं. चौकशीला यायचे, चहा घेऊन जायचे, कराटेचा विषय काढायचे नाहीत.

"गुरुजी, तन्वीची तपकिरीची परीक्षा आहे. तुम्हाला आठवते ना? चवदार तळ्यापर्यंत पळायला नेलं की सगळ्यात मागं राहायची, ती. आता कुणाला ऐकत नाही. समोर उभं राहायला माणूस नाही. मुलगे तिला सांभाळून मारतात."

"सर, माझं वय झालं."

"मी वय विचारत नाही."

"मला जमणार नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

सुनंदा भाजी निवडत होती. तिनं फोन ऐकला होता. परीक्षेच्या रविवारी सकाळी उठलो तर माझा कराटेचा पांढरा ड्रेस खुर्चीवर होता, धुतलेला, इस्त्री केलेला. वर हिरवा पट्टा. तिनं तो केव्हा काढला, केव्हा धुतला, मला माहीत नाही. आम्ही त्या दिवशीच्या लढतीबद्दल एकमेकांशी कधीच बोललेलो नाही. तिनं ती पाहिलीही नव्हती. केतकीनं तिला काय सांगितलं होतं, हे मी विचारलं नव्हतं.

हॉलमध्ये तोच कुबट वास. तन्वी सतरा-अठराची, केस घट्ट बांधलेले. तिचे वडील मागच्या खुर्च्यांवर बसले होते, कारखान्याची रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. मी मॅटवर उभा राहिलो तेव्हा ते थोडे पुढं सरकले. कुणाच्या लेकीवर हात उगारायचा, तर तो बाप समोर बसलेला. मला वाटलं होतं की आता तरी सोपं असेल. मुळीच सोपं नव्हतं.

"हाजिमे."

तिचीही डावी बाजू उघडी होती. शिकवणारे एकच, चुकाही त्याच. माझा हात निघाला आणि निम्म्यात आल्यावर मला त्याचं मऊ होणं आतून कळलं. ते खांद्यात सुरू होतं, कोपरात येतं. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती वाट बघत होती. हात येतो का मऊ होतो, एवढंच ती बघत होती.

हात पोचला. कपड्याचा आवाज झाला, थोडा जास्तच. ती एक पाऊल मागं गेली. मागच्या खुर्च्यांवरून कुणा बाईचा आवाज आला, "अगो, लागलं पोरीला." सरांनी पॉइंट दिला. तन्वीनं श्वास घेतला, गार्ड वर केला आणि पुढच्या क्षणी माझ्या डाव्या बरगडीखाली तिचा ठोसा बसला, असा की डोळ्यांपुढं अंधारी आली. मी उभा राहिलो. गार्ड वर घेतला. दोन मिनिटं किती मोठी असतात. तीन वर्षांपूर्वी ती मी फुकट घालवली होती.

ती जिंकली, मला हरवून. वाकताना तिच्या कपाळावरचा घाम मॅटवर पडला. "काका, तुम्ही जोरात मारता," ती म्हणाली. तक्रार नव्हती. दारात तिचे वडील भेटले. त्यांनी नमस्कार केला, मी केला.

घरी आलो. शर्ट काढताना हात वर जाईना. सुनंदानं पाहिलं, तेल गरम करून आणलं, हळद घातली. बरगडीखाली तळहाताएवढं काळंनिळं झालं होतं. ती त्यावर बोटं फिरवत राहिली.

"जोरात लागलं?"

"हो."

बोटं थांबली. "आणि तुम्ही?"

"मीपण मारलं."

तेलाची वाटी गार झाली. मग म्हणाली, "रोज रात्री विचारायची मला, पप्पांनी का नाही मारलं. मी काय सांगणार होते." आणि पुन्हा चोळू लागली, दुखेल इतक्या जोरानं.

आठ दिवसांनी तो डाग पिवळा पडला. आंघोळीच्या वेळी मी तो बघतो. कडेनं फिकट होत चालला आहे, आणखी चार दिवसांत जाईल. मी अंगठ्यानं दाबून बघतो, अजून दुखतं का. अजून दुखतं.